पेन्सिलीने काढलेला नकाशा

२५ मे २०१९, शनिवार. सकाळचे नऊ वाजायचे होते. आयर्लंडमध्ये डब्लिनपासून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका गावी, खेळाच्या मोठ्या हॉलमध्ये, मी एका लोखंडी कठड्याला टेकून उभा होतो. कठड्याच्या पलीकडे लांबच लांब टेबले मांडलेली. टेबलांमागे मतमोजणीचे कर्मचारी. आणि कठड्याच्या अलीकडे, अगदी खांद्याला खांदा लावून, शे-दीडशे माणसे. प्रत्येकाच्या हातात एक पॅड, पॅडवर उमेदवारांच्या नावांचा छापील कागद आणि टोक काढलेली पेन्सिल. दोनच दिवसांपूर्वी, २३ मे रोजी, आपल्या लोकसभेचे निकाल मी मुलीच्या घरी फोनवर पाहिले होते. साठ कोटींहून अधिक मतांची मोजणी जवळजवळ एका दिवसात आटोपली होती. आणि इथे, ज्या देशाची लोकसंख्या आपल्या मुंबईच्या निम्मीही नाही, तिथे लोक पेन्सिलीला टोक काढून पुढच्या दोन-तीन दिवसांची तयारी करून आले होते.

मी भूगोलाचा शिक्षक. शिक्षकाला आपल्याकडे निवडणुकीची ड्युटी चुकत नाही, तशी ती मलाही कधी चुकली नाही. केंद्राध्यक्ष म्हणून लाखेचे सील लावलेल्या पेट्या मी एसटीच्या खास गाडीतून तालुक्याला पोचवल्या आहेत. त्यामुळे मुलीच्या शेजारी राहणाऱ्या बाईंनी, त्या एका उमेदवाराच्या कार्यकर्त्या होत्या, मोजणीचा पास देऊ केला तेव्हा मी लगेच हो म्हटले. त्या दिवशी तिथे मी जे पाहिले, त्याच्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तोच आज तुम्हांला सांगायचा आहे.

नऊ वाजले. पहिली पेटी फोडली. कर्मचाऱ्यांनी मतपत्रिका टेबलावर ओतल्या, रंगांप्रमाणे वेगळ्या केल्या, आणि एकेक पत्रिका उलगडून सुलटी ठेवायला सुरुवात केली. त्याबरोबर कठड्यावरची सगळी माणसे पुढे वाकली. एक जण पत्रिकेवर नजर ठेवून हलक्या आवाजात नाव सांगतो, दुसरा त्या नावापुढे रेघ ओढतो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. ग्रामपंचायतीच्या मोजणीत आपणही अशाच रेघा ओढल्या आहेत. पण आपल्याकडे त्या रेघा अधिकृत कर्मचारी ओढतो. इथे रेघा ओढणारे सगळे पक्षांचे स्वयंसेवक होते. त्यांना तिथे म्हणतात टॅलीमन. ‘मन’ म्हटले तरी त्यांत बायका भरपूर होत्या.

गंमत म्हणजे ही माणसे एकमेकांच्या विरोधी पक्षांतली. पण त्या दिवशी त्यांनी कामे वाटून घेतली होती. या टेबलाची पेटी तुम्ही पाहा, त्या टेबलाची आम्ही पाहतो. दुपारपर्यंत सगळे कागद एकत्र झाले, बेरजा झाल्या आणि त्याच्या प्रती सगळ्या पक्षांना वाटल्या गेल्या. अधिकृत मोजणीचा पहिला आकडा यायला संध्याकाळ उजाडली. पण निकाल काय लागणार हे हॉलमधल्या चहावाल्यालासुद्धा जेवणाच्या सुमाराला ठाऊक झाले होते. टॅलीचा अंदाज बहुधा शेकडा एक-दोनच्या पलीकडे चुकत नाही.

आता हे एवढे सायास कशासाठी? त्याचे उत्तर आयर्लंडच्या मतदानपद्धतीत आहे. आपल्याकडे विधानसभेचे आमदार विधान परिषदेच्या सदस्यांना निवडून देतात ती पद्धत तुम्ही वर्तमानपत्रात वाचलेली असेल. पहिल्या पसंतीची मते, दुसऱ्या पसंतीची मते, कोटा, उरलेल्या मतांचे हस्तांतरण. राज्यसभेलाही तीच. आपल्याकडे ही पद्धत मोजक्या निवडणुकांपुरती आहे. आयर्लंडमध्ये ती १९२० च्या दशकापासून साऱ्या जनतेची आहे. एका मतदारसंघातून तीन, चार किंवा पाच जण निवडून जातात. मतदार पत्रिकेवर उमेदवारांच्या नावापुढे १, २, ३ असे आकडे घालतो. पाच जागा असतील तर एकूण वैध मतांच्या सहाव्या हिश्श्याहून एक मत जास्त मिळवले, की उमेदवार निवडून आला.

या पद्धतीचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. मोठ्या पक्षाचे दोन-तीन उमेदवार एकाच मतदारसंघात उभे असतात. म्हणजे माझा खरा स्पर्धक विरोधी पक्षात नसून माझ्याच पक्षात असतो! मग प्रत्येक जण आपापला टापू धरून ठेवतो. या खोऱ्यातली गावे माझी, त्या टेकडीपलीकडची तुझी. पक्षही घरोघरी पत्रे पाठवतो: या भागातल्या लोकांनी पहिली पसंती अमक्याला द्यावी, त्या भागातल्या लोकांनी तमक्याला. असा हिशेब ठेवायचा तर संपूर्ण मतदारसंघाचा आकडा काय कामाचा? पेटीपेटीचा आकडा हवा. १९७७ च्या निवडणुकीत गॉलवे वेस्ट मतदारसंघात कोणाला कुठे मते पडली याचा ए. जे. पार्कर या भूगोलाच्या अभ्यासकाने अभ्यास केला होता. उमेदवाराच्या घराजवळ त्याची मते दाट आणि दूर जावे तशी विरळ, असे ते चित्र होते. पाण्यात दगड टाकावा आणि तरंग उठावेत, तसे.

पण सरकार हा पेटीपेटीचा आकडा देत नाही. सरकार देते ते फक्त मतदारसंघाचे एकूण आकडे. इतकेच नव्हे, तर पेट्या फोडून पत्रिकांची संख्या जुळली, की मतदारसंघातल्या साऱ्या पत्रिका एकत्र मिसळाव्यात असा तिथला नियम आहे. त्यामागे गुप्ततेचा विचार आहे. शिवाय जास्तीची मते दुसऱ्या उमेदवाराकडे द्यायची तर गठ्ठ्यातून काही पत्रिका उचलाव्या लागतात, त्या चांगल्या मिसळलेल्या असाव्यात हाही हेतू आहे. म्हणजे पेटी फुटते तेव्हापासून पत्रिका मिसळल्या जाईपर्यंत जो तास-दोन तासांचा वेळ असतो, तेवढ्यातच गावाचे मत डोळ्यांना दिसते. आयर्लंडच्या गावोगावच्या मतांचा इतिहास या दोन तासांत, पेन्सिलीने लिहिला गेला आहे.

मोठ्या नकाशाचा इतिहास अर्थात सरकारी आकड्यांवरूनही काढता येतो. डिसेंबर १९१८ च्या निवडणुकीत साऱ्या आयर्लंडच्या १०५ जागांपैकी ७३ जागा शिन फेन पक्षाने जिंकल्या. ब्रिटिश राजवटीला तो स्पष्ट नकार होता. पुढे स्वातंत्र्ययुद्ध झाले, डिसेंबर १९२१ मध्ये करार झाला, आणि त्या करारावरूनच देश दुभंगला. करार मानणारे एका बाजूला, न मानणारे दुसऱ्या बाजूला. भावाने भावावर बंदूक रोखली. १९२३ च्या मे महिन्यात यादवी संपली आणि ऑगस्टमध्ये निवडणूक झाली. करारविरोधकांचे नेते इमन डी व्हॅलेरा एनिस या गावी सभेत बोलायला उभे राहिले आणि सैनिकांनी त्यांना तिथेच पकडले. तुरुंगात असतानाच ते क्लेअर मतदारसंघातून प्रचंड मतांनी निवडून आले.

त्या काळातल्या मतांचा नकाशा एर्हार्ड रुम्फ नावाच्या एका जर्मन अभ्यासकाने काढला. त्याचा ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला दिसले ते असे: करार न मानणाऱ्यांची मते पश्चिमेकडे आणि नैर्ऋत्येकडे दाट होती. तिथे जमीन खडकाळ, शेते तुकड्या-तुकड्यांची, आणि घरटी एक तरी माणूस अमेरिकेला गेलेला. करार मानणाऱ्यांची मते पूर्वेकडे, कुरणांच्या आणि मोठ्या शेतकऱ्यांच्या प्रदेशात. म्हणजे ज्याला आपण तत्त्वाचे भांडण समजतो त्याच्याखाली मातीचा पोतही असतो. डी व्हॅलेरांनी १९२६ मध्ये फिआना फॉल पक्ष काढला आणि १९३२ मध्ये सत्ता मिळवली, तेव्हा ही पश्चिमेची मते हळूहळू पूर्वेकडे पसरत गेली. करार मानणाऱ्यांचे वारस फिने गेल पक्षात गेले. पुढे ऐंशी-नव्वद वर्षे मुलगा बापाच्या पक्षाला मत देत राहिला. हे दोन्ही पक्ष एकाच सरकारात बसायला २०२० चा जून महिना उजाडावा लागला.

मात्र मतदाराला गृहीत धरणाऱ्यांची फजिती आयर्लंडनेही पाहिली आहे. १७ जून १९५९ रोजी एकाच दिवशी दोन मतदाने झाली. एक राष्ट्रपतिपदासाठी, तिथे डी व्हॅलेरा उभे होते. दुसरे सार्वमत, पसंतीक्रमाची ही पद्धत रद्द करून इंग्लंडसारखी साधी पद्धत आणावी, असा डी व्हॅलेरांच्याच सरकारचा प्रस्ताव होता. पक्षाचा हिशेब सरळ होता. म्हाताऱ्या नेत्याच्या लाटेत प्रस्तावही तरून जाईल. मतदारांनी डी व्हॅलेरांना शेकडा ५६ मते देऊन राष्ट्रपती केले, आणि त्यांचा प्रस्ताव शेकडा ५२ मतांनी फेटाळला. त्याच खोलीत, त्याच पेन्सिलीने. १९६८ मध्ये पुन्हा तोच प्रस्ताव आणला गेला, तेव्हा विरोधी मते शेकडा ६० च्या वर गेली.

हे सार्वमत प्रकरण आपल्याला नवे आहे. आपली राज्यघटना बदलायची तर संसद बदलते. आयर्लंडची १९३७ ची राज्यघटना, जिच्यावरून आपल्या घटनाकारांनी मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना घेतली, ती बदलायची तर प्रत्येक वेळी जनतेला विचारावे लागते. पत्रिकेवर आयरिश भाषेत ‘टॉ’ आणि ‘नील’, म्हणजे ‘हो’ आणि ‘नाही’. त्यातल्या एका चौकोनात फुली मारायची. इथे उमेदवाराचे घर नसते, टापू नसतो, नातेगोते नसते. त्यामुळे सार्वमताचा नकाशा हा माणसांच्या मनाचा नकाशा असतो, असे तिकडे मानतात.

या घटनेत घटस्फोटाला बंदी होती. लग्न मोडले तरी कायद्याने सुटका नाही. दुसरे लग्न करायचे तर देश सोडायचा. १९८३ मध्ये गर्भपातबंदी घटनेत घालण्यासाठी सार्वमत झाले. शेकडा ६६.९ लोकांनी हो म्हटले. ४१ मतदारसंघांपैकी फक्त पाचांनी नाही म्हटले, आणि ते पाचही डब्लिनचे. पश्चिमेकडच्या काही मतदारसंघांत होकाराचे प्रमाण शेकडा ८० च्या पुढे गेले. १९८६ मध्ये घटस्फोटाची बंदी उठवण्याचा प्रस्ताव आला; शेकडा ६३.५ लोकांनी तो नाकारला. वर्तमानपत्रांतून नकाशे छापून आले. डब्लिन एका रंगात, बाकी देश दुसऱ्या रंगात. शहर विरुद्ध खेडे. तेव्हापासून लोक आपला देश या दोन रंगांतच पाहू लागले.

मग आले १९९५. २४ नोव्हेंबर, शुक्रवार. घटस्फोटाचा प्रश्न पुन्हा जनतेपुढे. त्या दिवशी पश्चिमेत पावसाने झोडपले होते, म्हणून तिकडचे मतदान घटले, असे आजही लोक सांगतात. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. सव्वासोळा लाखांहून अधिक वैध मते, आणि फरक ९,११४ मतांचा. होकार शेकडा ५०.२८. देशात मतपेट्या साडेसहा हजारांच्या घरात असतात. तेव्हाही साधारण तेवढ्याच होत्या असे धरले, तर पेटीमागे फरक पडतो दीड मताचा. एका खोलीत एखादे जोडपे पावसामुळे घराबाहेर पडले नाही, एवढाच.

त्या दिवशी हॉलमध्ये माझ्या शेजारी जे गृहस्थ उभे होते, त्यांनी १९९५ ची टॅली केली होती. वय पंचाहत्तरीच्या पुढे. आयुष्यभर गावच्या दूध संघात हिशेब लिहिण्याचे काम केलेले. गावातले प्रत्येक घर, प्रत्येक दावण माहीत. २०१९ च्या त्या पत्रिकांमध्येही योगायोगाने घटस्फोटाचाच प्रश्न होता. घटस्फोटासाठी किती वर्षे वेगळे राहिले पाहिजे, ही घटनेतली अट काढून टाकायची का? त्यांच्या गावच्या शाळेची पेटी आमच्या समोरच्या टेबलावर फुटली. ‘टॉ’, ‘टॉ’, ‘टॉ’. ते रेघा ओढत होते. रकाना भरला, दुसऱ्या कागदावर गेले. मी म्हटले, “गाव बदलले की हो तुमचे.” ते काही बोलले नाहीत. चहाच्या सुट्टीत मात्र त्यांनी होऊन विषय काढला.

त्यांची धाकटी बहीण नवऱ्यापासून वेगळी होऊन दोन मुलांना घेऊन माहेरी येऊन राहिली होती. १९९५ मध्ये त्याच शाळेच्या पेटीची टॅली यांनी स्वतः केली. लहान गाव, लहान पेटी. ‘नाही’चे रकाने भरलेले, आणि ‘हो’च्या रकान्यात बोटांवर मोजण्याइतक्या रेघा. नेहमीच्या रिवाजाप्रमाणे आकडा पक्षाच्या माणसांना सांगितला, संध्याकाळी तो गावात पोचला. दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थना संपवून चर्चच्या दारात लोक घोळक्याने उभे. इतके हो कुणाचे? एक तर तिचा असणारच. दुसरा भावाचा असेल. तिसरा नव्या मास्तरणीचा. कोणी तोंडावर वाईट बोलले नाही. फक्त दुकानात ती गेली की बोलणे थांबायचे. वर्षभराने ती मुलांना घेऊन शहरात गेली, ती पुन्हा राहायला आली नाही.

“मी फक्त रेघा ओढल्या,” ते म्हणाले. “नावे गावाने भरली.”

त्यांनी स्वतः काय मत दिले होते ते मी विचारले नाही. त्यांनीही सांगितले नाही.

या लोकांच्या पेन्सिलीवर एकदा गंडांतर आले होते, तेही सांगायला हवे. २००२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत डब्लिन नॉर्थ, डब्लिन वेस्ट आणि मीथ या तीन मतदारसंघांत मतदान यंत्रे वापरून पाहिली. यंत्राला पेटी नाही, पत्रिका नाही, त्यामुळे टॅलीही नाही. रात्री सगळ्यांना एकत्र उभे करून निकाल एकदम वाचून दाखवला गेला. नोरा ओवेन या माजी न्यायमंत्री तिथे हरल्या. टॅली असती तर दुपारपासून मनाची तयारी झाली असती. इथे सर्वांसमोर, कॅमेऱ्यापुढे तो आघात एका क्षणात झाला. ते दृश्य लोकांच्या मनातून गेले नाही. पुढे देशभरासाठी साडेसात हजारांच्या आसपास यंत्रे घेतली, पाच कोटी युरोंहून अधिक खर्च झाला. पण २००४ मध्ये त्यासाठी नेमलेल्या आयोगाने त्यांच्या अचूकतेची आणि गुप्ततेची खात्री देता येत नाही म्हटले. यंत्रे गोदामात पडली, २००९ मध्ये योजना रद्द झाली आणि २०१२ मध्ये ती यंत्रे सुमारे सत्तर हजार युरोंना भंगारात गेली. पेन्सिल परत आली.

ती परत आली म्हणूनच पुढचा इतिहास आपल्याला जवळून दिसतो. २२ मे २०१५ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यासाठी सार्वमत झाले. शेकडा ६२ लोकांनी हो म्हटले. जगात प्रथमच हा निर्णय देशव्यापी जनमताने झाला. ४३ मतदारसंघांपैकी नाही म्हणणारा एकच, रॉसकॉमन–साउथ लीट्रिम. दुसऱ्या दिवशीच्या नकाशात सारा देश एका रंगाचा आणि मधोमध एक डाग. त्या भागावर थट्टा झाल्या, मागासलेपणाचे शिक्के बसले. पण फरक होता हजारभर मतांचा! शंभरातल्या ४८ जणांनी तिथेही हो म्हटले होते. त्यांना नकाशात जागाच नव्हती. मी वर्गात मुलांना सांगत असे, नकाशात रंग भरताना हात जरा आवरा. जिल्हा मत देत नाही, माणूस देतो.

उलट डब्लिनमधल्या कामगारवस्त्या. १९८३ आणि १९८६ मध्ये शहरात परिवर्तनाच्या बाजूला उभे होते ते प्रामुख्याने सुखवस्तू भाग. २०१५ मध्ये मात्र डब्लिन नॉर्थ-वेस्टसारख्या कष्टकऱ्यांच्या मतदारसंघात होकार शेकडा ७० च्या घरात गेला. त्या वेळी आरोग्यमंत्री होते लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचे गाव आपल्या मालवण तालुक्यातले वराड. त्याच वर्षी जानेवारीत, आपण स्वतः समलिंगी असल्याचे त्यांनी रेडिओवरच्या मुलाखतीत सांगितले होते. २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले.

२५ मे २०१८ रोजी, १९८३ ची ती गर्भपातबंदी पुन्हा जनतेपुढे आली. या लढ्यात ठिकठिकाणी एका तरुण भारतीय स्त्रीचा चेहरा होता. बेळगावची सविता हलप्पनवर. दंतवैद्य होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये गर्भ वाचणार नाही हे दिसत असताना, गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून तिचा गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्गाने ती वयाच्या ३१ व्या वर्षी गेली. परदेशी गेलेली आयरिश मुले विमानांनी, बोटींनी फक्त मत द्यायला परत आली. शेकडा ६६.४ लोकांनी बंदी उठवली. १९८३ च्या आकड्याची जवळजवळ आरशातली प्रतिमा. मतदानानंतर घेतलेल्या एका पाहणीत शहरी भागात शेकडा ७१ आणि ग्रामीण भागात शेकडा ६० होकार निघाला. म्हणजे ज्या खेड्यांचा रंग पस्तीस वर्षे आपण गृहीत धरला होता, तो नकाशावर होता तेवढा पक्का राहिला नव्हता. मेयो, रॉसकॉमन, सगळीकडे हो. डब्लिनमध्ये सविताच्या भित्तिचित्रापाशी लोकांनी चिठ्ठ्या चिकटवल्या. कित्येकांवर एकच शब्द होता, क्षमा.

या वेळी नाही म्हणणारा मतदारसंघ एकच, वायव्य टोकाचा डोनेगल. तिथेही नकार शेकडा ५२ च्या आतच. पण डोनेगल अधूनमधून असा वेगळा का जातो? २००९ मध्ये युरोपच्या लिस्बन कराराला देशातल्या ४३ मतदारसंघांपैकी फक्त दोघांनी नकार दिला, ते दोन्ही डोनेगलचेच. भूगोलाच्या माणसाने इथे नकाशा काढून बसावे. फाळणीची रेघ अशी पडली की डोनेगलचे बाजारगाव, डेरी शहर, सीमेपलीकडे गेले. उरलेल्या देशाशी हा जिल्हा जमिनीने जोडलेला आहे तो जेमतेम काही किलोमीटर. रेल्वेच्या जाळ्यात तो आज नाही. राजधानी दूर आणि राजधानीचे प्रश्नही दूरचे. तिथल्या ‘नाही’त काही श्रद्धा असेल, पण काही भाग ‘आम्हांला विचारतो कोण’ याचाही असावा, असे मला वाटते.

आणि शहर म्हणजे पुरोगामी, खेडे म्हणजे जुने, हे सूत्रही दरवेळी चालत नाही. २००८ मध्ये लिस्बन कराराला पहिल्यांदा नकार मिळाला, तेव्हा डन लिअरीच्या सुखवस्तू मतदारसंघात शेकडा ६३ च्या आसपास होकार होता, आणि त्याच डब्लिनच्या नैर्ऋत्येला, कष्टकरी वस्तीत, जवळपास तेवढाच नकार. मार्च २०२४ मध्ये कुटुंबाच्या व्याख्येवर सार्वमत झाले, तेव्हा देशाने शेकडा ६७.७ मतांनी नाही म्हटले. ३९ मतदारसंघांत हो म्हणणारा एकच, डन लिअरी, तोही काठावर. २०१५ मध्ये एकत्र आलेल्या वस्त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. सरकारने आणि बहुतेक सर्व पक्षांनी होकार मागितला होता. तरी पेटीत पाहिले तेव्हा वेगळेच निघाले.

मग ही पेटी उघडून पाहावी की नाही? माझा प्रश्न इथे येऊन थांबतो. पाहिली नाही तर आपण मोठमोठ्या रंगांवर विश्वास ठेवून बसतो, आणि एखाद्या जिल्ह्याला उगाच मागास ठरवतो. पाहिली, तर एखाद्या गावातली एकटी बाई उघडी पडते.

आपल्याकडे कागदी मतपत्रिकांच्या काळात अनेक ठिकाणी मोजण्याआधी पत्रिकांच्या जुड्या पिपात घालून ढवळत. त्या पिपाला आम्ही शिक्षक हसायचो. रात्र वाढवणारे काम वाटायचे. २००४ पासून लोकसभेचे सारे मतदान यंत्रावर आले आणि प्रत्येक मतदान केंद्राचा आकडा जाहीर दिसू लागला. अभ्यासकाला ही पर्वणीच. पण मी ड्युटीवर असलेल्या एका गावात, निकालानंतर, ‘तुमच्या बूथवर किती पडली ते माहीत आहे, आता रस्ता मागायला येऊ नका’ असे ऐकवले गेलेले मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ यंत्र वापरावे, असे निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले, २०१५ मध्ये विधी आयोगानेही त्याला पाठिंबा दिला. ते अमलात आले नाही.

त्या दिवशी हॉलमध्ये संध्याकाळी टॅलीचे कागद गोळा करायला एक तरुण मुलगी आली. म्हाताऱ्या गृहस्थांनी आपले कागद दिले. मी सहज पाहिले, तर त्यांच्या गावच्या शाळेचा वेगळा कागदच नव्हता. शेजारच्या दोन गावांच्या पेट्यांत मिळवून त्यांनी एकच बेरीज मांडली होती. मुलीच्या ते लक्षात आले. “आजोबा, ही पेटी स्वतंत्र हवी होती,” ती म्हणाली.

“लहान आहे ती,” ते म्हणाले. “१९९५ पासून मी ती अशीच देतो.”

रात्री उशिरा निकाल जाहीर झाला. देशभरात शेकडा ८२.१ लोकांनी हो म्हटले होते. चोवीस वर्षांपूर्वी ज्या प्रश्नावर नऊ हजार मतांचा फरक होता, त्याच विषयाची ही गोष्ट. हॉलमध्ये थोड्या टाळ्या वाजल्या. त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली, कोट घातला आणि बाहेर जाऊन बहिणीला फोन लावला.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)